साडूंचा लाल ससा

रहाटणीपासून महाळुंग्यापर्यंतच्या पट्ट्यात असा एकही माणूस उरलेला नाही, ज्याला माझ्या साडूंनी एकदा तरी फसवलं नसेल. आणि असाही एक नाही, ज्याचं त्यात कवडीचं नुकसान झालं असेल. नुकसान झालंच तर साडूंचं झालं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. महाळुंग्याला मोटारींच्या दारांचे पत्रे ठोकणारा एक कारखाना आहे, त्याच्या प्रेस शॉपमध्ये त्यांनी क्वालिटीत उभा जन्म काढला. क्वालिटीची माणसं लग्नाच्या पंगतीत बसली तरी वाढलेली जिलेबी उलटून मागची बाजू बघतात, हे ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना सांगायला नको.

त्यांच्या कारखान्यात दर पाळीच्या सुरुवातीला एक विधी असे. चांगल्या मालाच्या रांगेत मुद्दाम एक बिघडलेला पीस सोडायचा. चुकून गिऱ्हाइकाकडे जाऊ नये म्हणून त्याला लाल रंग फासलेला असतो, पण तपासणाऱ्या यंत्राला रंग कळत नाही, त्याने तो नुसत्या मापावरून पकडायचा. पकडला, तर यंत्र शुद्धीवर आहे, पाळी सुरू. नाही पकडला, तर लाइन बंद. मग मालक स्वतः येऊन हात जोडो. या लाल पीसला कंपन्यांमध्ये रेड रॅबिट म्हणतात. साडू नुसतं ‘ससा’ म्हणत, आणि त्यांनी तो कारखान्याच्या फाटकाबाहेरही मोकळा सोडला होता. शिंप्याला माप सांगताना एक बाही वीतभर जास्त सांगायची. ‘साहेब, हात तर सारखेच दिसतात की,’ असं शिंपी म्हणाला तर पास. मुकाट्याने शिवून दिला, तर साडू तो शर्ट विटेपर्यंत एक बाही दुमडून वापरणार, पण त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाहीत. एका दाताच्या डॉक्टरला त्यांनी चांगली शाबूत दाढ दुखते म्हणून दाखवली. त्या भल्या माणसाने ती उपटली. साडू तोंडात कापसाचा बोळा धरून घरी आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज होतं, की ताईंना वाटलं बढती मिळाली. बोळ्याआडून ते एवढंच म्हणाले, “डॉक्टर पकडला बघ.”

माझीही तपासणी झाली. लग्न ठरल्यावर पहिल्याच भेटीत साडू मला म्हणाले, “आमचं गाव लातूरकडचं. मागच्या दारातून पाऊल टाकलं की समुद्र.” आता मी होणारा जावई. थोरल्या जावयाच्या परसातला समुद्र आटवणारा मी कोण? मी म्हणालो, “वा, मग मासळीची चंगळ असेल.” साडूंनी कप खाली ठेवला, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि त्या क्षणापासून मी त्यांच्या लेखी कायमचा रिजेक्ट. त्यात माझा स्वभाव असा, की मागे एक कुत्रं लागलं तर सांगताना मी चार सांगतो. एका कुत्र्यासाठी एवढं पळालो हे ऐकणाऱ्यालाही बरं वाटत नाही. माझी कुठलीही गोष्ट संपली की साडू ताईंकडे वळून म्हणत, “भागिले चार.” आणि मला म्हणत, “तुमचं माप सैल आहे, साडूभाऊ.” यात राग नसे. मोजायच्या गेजची सुई सैल आहे हे सांगताना कुणी गेजवर रागावत नाही.

अशा माणसाला भुताखेतांनी गाठू नये, असा काहीतरी नियम असायला हवा होता.

आमच्या या पट्ट्याचा रविवार गुरुवारी येतो. गुरुवारी कारखाने बंद, रस्ते मोकळे, आणि चाकणच्या चौकात माणूस चक्क माणसासारखा रस्ता ओलांडू शकतो. साडू मात्र गुरुवारी कामावर जात, कारण मोजायची हत्यारं तपासायला त्यांना शांतता लागे. तशाच एका गुरुवारी, भर दुपारी, बंद पडलेल्या प्रेसच्या रांगेत त्यांना आवाज ऐकू आला. घरघर नव्हे, शिट्टी नव्हे. कुणीतरी ओठ मिटून ‘हं’ म्हणावं तसा. त्यांनी मेन स्विच पाडला. आवाज होता. ट्रान्सफॉर्मरला कान लावला, तिथे नव्हता. शेजारच्या कंपनीच्या भिंतीला लावला, तिथेही नव्हता. परत आले, तर होता. मला सांगताना त्यांनी त्याला फार सरळ शब्द वापरला. “हुंकार,” ते म्हणाले. “लहानपणी आजोबा गोष्ट सांगायचे आणि आपण ‘हं, हं’ करायचो ना, तसा. मी तर काही बोलतही नव्हतो. नुसता मायक्रोमीटर पुसत होतो.”

फाटकावर जो वॉचमन होता, तो मूळ तिथलाच. कारखाना उभा राहिला ती जमीन त्याच्या चुलत्याची. साडूंनी त्याला विचारण्याआधी रीतसर ससा सोडला. म्हणाले, “मामा, पुढच्या महिन्यात इथं विमानतळ होतोय, ऐकलं का?”

“लई वर्सं ऐकतोय,” मामा म्हणाला. “न्हाई व्हत.”

म्हणजे पास. मग साडूंनी आवाजाचं विचारलं. मामाने तंबाखू मळता मळता सांगितलं, “त्यो व्हय? त्यो यंत्राचा न्हाई सायेब. हितं आमी राखणीला माळ्यावर बसायचो तवा बी यायचा. कुनी निवांत बसलं की येतो. तुमी लोकं बसत न्हाई म्हनून ऐकू येत न्हाई.”

हे उत्तर साडूंना आवडलं नाही, कारण ते देणारा पास झालेला होता. कंपनीच्या डॉक्टरने दिलेलं उत्तर त्याहून सोपं होतं: प्रेस शॉपमध्ये इतकी वर्षं काढल्यावर कानात आवाज यायचाच, सवय करून घ्या. त्यावर साडू आठवडाभर धुमसत होते. “त्यानं आवाज ऐकलाच नाही हो. नुसता कान बघितला. माल न उघडता पेटी बघून सही करतात तसा.” मी म्हटलं, काय फरक पडतो? तेव्हा मात्र ते गंभीर झाले. “पडतो ना. आता रिटायर होईन. आवाज शॉपमधला असेल, तर शॉप सुटलं की तो सुटला. माझ्या कानातला असेल, तर तो मरेपर्यंत माझ्यासोबत. मला एवढंच पाहिजे साडूभाऊ, कुणीतरी शहाण्या माणसानं तो पीस हातात घ्यावा आणि सांगावं, हा माल कुणाचा.”

अशा कामासाठी दुसऱ्या माणसाने कानाचा मोठा डॉक्टर गाठला असता. साडूंनी स्वतः डॉक्टर व्हायचं ठरवलं. पीएच.डी. केली की आवाजासमोर बसवायला परीक्षक मिळतो, तोही लेखी मत देणारा, हा त्यांचा हिशेब. आपल्याकडच्या प्राध्यापकांना ते भेटून आले. विषय होता ‘बंद यंत्रांचा आवाज’. एकाने सुचवलं, चालू यंत्रांचा घ्या, त्यात वाव आहे. दुसऱ्याने हजेरी लागेल म्हणून सांगितलं आणि पाळीचं नाव काढताच पुढच्या विद्यार्थ्याला आत बोलावलं. मग साडू परदेशाकडे वळले. घरबसल्या, पत्राने आणि कॅमेऱ्याने डॉक्टर करणारी विद्यापीठं जगात इतकी आहेत, की त्यांची माहितीपत्रकं लावून ठेवायला रहाटणीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जागा पुरेना. जेवताना ताट मांडीवर घ्यावं लागे, असं मी म्हणतो. ताई म्हणतात, फक्त टीपॉय भरला होता.

साडूंनी त्या विद्यापीठांचं ऑडिट सुरू केलं, जसं ते पत्रा पुरवणाऱ्यांचं करत. नापास प्रबंध कुठे ठेवता? ती जागा वेगळी आहे का, कुलूप आहे का, लाल पट्टी मारली आहे का? तुमच्या गाइडला कोण तपासतं? त्या तपासणाऱ्याला कोण? बऱ्याच विद्यापीठांनी उत्तरच दिलं नाही. एकाने पोलीस पडताळणी मागितली. ही पदवी आपल्याकडे धरतील का, असं मी विचारलं तर म्हणाले, “धरायला कोण बसलंय? मला कुठं आता नोकरी लागायचीय?” गाळून गाळून तीन उरली. आणि तिन्हींसाठी साडूंनी ससा तयार केला.

पहिली ध्वनिफीत खरी. ती त्यांनी गुरुवारी बंद शॉपमध्ये मोबाइलवर घेतली. दुसरी खोटी. ती घेण्यासाठी ते घरातल्या गोधड्यांच्या कपाटात शिरले, आतून दार ओढून घेतलं, आणि श्वास रोखून गप्प बसून राहिले. चहूबाजूंनी कापूस, आत काहीही नाही. निव्वळ रिकामी फीत. ताई शेजारणीला सांगत होत्या, “लोकांच्या कपाटात साड्या असतात, आमच्यात नवरा असतो.” दोन्ही फितींना सारखीच नावं देऊन साडूंनी त्या तिन्हीकडे पाठवल्या. दुसरीत काही नाही, हे जो ओळखेल तो गाइड.

पहिल्या विद्यापीठाचा माणूस टाय लावून कॅमेऱ्यासमोर आला आणि म्हणाला, दोन्ही फिती अप्रतिम आहेत, अभिनंदन. तुमचा अनुभव पाहता प्रबंध लिहायचीही गरज नाही. तो पुढेही काही म्हणत होता, पण साडूंनी त्याला तिथेच लाल पट्टी मारली.

दुसरं विद्यापीठ जुनं, नावाजलेलं, शिस्तीचं. तिथले प्राध्यापक नीट वाचून आले होते. ते म्हणाले, दोन्ही फिती आम्ही यंत्रांवर तपासल्या. दोन्हींत काही नाही. पण प्रेस शॉपमधल्या कामगारांच्या कानात वाजणाऱ्या आवाजांवर तुम्हाला काम करायचं असेल, तर आम्ही आनंदाने प्रवेश देऊ. तुमचा स्वतःचाच दाखला उपयोगी पडेल. साडूंनी आभार मानले, लॅपटॉप मिटला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्या प्राध्यापकांनी ससा पकडला होता. त्यांच्या मापाने ते विद्यापीठ खणखणीत पास होतं. फक्त त्यांनी सशाबरोबर साडूंचा खरा पीसही लाल पेटीत टाकला होता. त्या रात्री साडू जेवले, पण भाजीत मीठ नव्हतं हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ताईंनी ते मुद्दाम घातलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनाही ससा सोडता येऊ लागला होता.

तिसरं विद्यापीठ उत्तरेकडच्या कुठल्याशा बेटावर. तिथल्या एक वयस्कर मॅडम साडूंच्या पत्रांना उत्तरं देत. साडूंनी पत्र धाडायच्या आत उत्तर यायचं, असं मी चारचौघांत सांगतो. ताईंच्या मते लगेच यायचं. त्यांच्याशी बोलणं ठरलं तेही गुरुवारी दुपारी, आणि त्या वेळी मी तिथे होतो. ताईंचा गुरुवारचा उपास, म्हणून स्वयंपाकघरात साबुदाण्याची खिचडी परतली जात होती. पडद्यावर मॅडमच्या पाठीमागे एक मोठी खिडकी, त्यातून येणारा पांढराफटक उजेड, आणि त्या उजेडापुढे मॅडमचा चेहरा म्हणजे नुसती काळी आकृती. नाक कुठे, डोळे कुठे, काही ठरवता येईना. त्यांनी कानावरचा हेडफोन काढून बाजूला ठेवला आणि सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, “पहिल्या फितीत मला काही मिळालं नाही. दुसरीत मात्र अगदी स्पष्ट आहे.”

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. गेला ससा. मी सोफ्याखाली चप्पल चाचपायला लागलो, कारण आता खिचडी खाऊन निघायचं एवढंच उरलं होतं.

“दुसरी फीत घेताना तिथे कोण होतं?” मॅडमनी विचारलं.

“मी एकटा,” साडू म्हणाले.

“तुम्ही काय करत होता?”

“काही नाही. गप्प बसलो होतो.”

“म्हणूनच. पहिल्या फितीत तुमची पावलं ऐकू येतात. तुम्ही फिरताय, शोधताय. दुसऱ्या फितीत तुम्ही बसला आहात. जो बसतो, त्याच्याजवळ तो येतो.”

स्वयंपाकघरातला उलथन्याचा आवाज थांबला. मॅडम उठल्या, वळल्या आणि त्यांनी पाठीमागच्या खिडकीच्या झडपा लावून घेतल्या. उजेड कमी झाला तसा पहिल्यांदा त्यांचा चेहरा दिसला. साधाच होता, कुणाच्याही आत्याचा असावा तसा, थोडा थकलेला. “इकडेही आहे,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं मला वाटत होतं, माझाच कान.”

साडू म्हणाले, “थँक्यू मॅडम, कळवतो.” त्यांनी लॅपटॉप मिटला आणि झाकणावर हात ठेवला. मग कपाटाकडे न बघता म्हणाले, “ससा पास केला त्यांनी. लाइन बंद.”

ताई दारात उभ्या होत्या. “आणि गोधड्या कुणी काढायच्या आता कपाटातून?” त्या म्हणाल्या. त्या थंडीत त्या घरात सगळ्यांनी शाली पांघरल्या, हे भागिले चार न करता सांगतो.

नावाजलेल्या विद्यापीठाला होकार कळवायची मुदत जवळ आली. एका बाजूला सगळ्या जगाने मान्य केलेलं, ससा पकडणारं विद्यापीठ, जे साडूंना आजारी ठरवून डॉक्टर करणार होतं. दुसऱ्या बाजूला बेटावरच्या एक मॅडम, ज्यांनी रिकाम्या फितीत आवाज ऐकला होता. साडूंनी ती दुसरी फीत स्वतः कितीदा ऐकली देव जाणे. त्यांना तीत काहीच ऐकू येत नव्हतं. शेवटी एका गुरुवारी त्यांनी मला फोन केला. “महाळुंग्याला येता का जरा? तपासणारा एक माणूस कमी पडतोय.”

“मी तर रिजेक्ट ना?”

“रिजेक्टच आहात. पण दुसरं आहे कोण?”

मामाने फाटक उघडून दिलं आणि काही विचारलं नाही. आत ते प्रचंड प्रेस रांगेने उभे होते, जबडे वर करून थांबलेल्या जनावरांसारखे. छताच्या पत्र्यातून उन्हाचे पट्टे खाली येत होते आणि त्यांत धूळसुद्धा हलत नव्हती. साडूंनी दोन लाकडी खोकी मांडली, आम्ही बसलो. “बोलू नका,” ते म्हणाले.

आता मला गप्प बसवणं म्हणजे वाहता नळ बोटाने दाबणं. थोडा वेळ मी दम धरला, मग भीतीने म्हणा, सवयीने म्हणा, मी हळू आवाजात त्या कुत्र्यांची गोष्ट सांगू लागलो. काळेवाडीच्या पुलावर मी, मागे चार कुत्री, हातात श्रीखंडाचा डबा. ऐन रंगात आलो असताना साडूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी थांबलो.

“हं,” कुणीतरी म्हणालं.

साडूंचे ओठ मिटलेले होते. मी त्यांच्याकडेच बघत होतो. तो आवाज डावीकडून नव्हता, उजवीकडून नव्हता. ‘मग? पुढे काय झालं?’ असं विचारल्यासारखा, अगदी मायेचा. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले आणि गंमत म्हणजे त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं, कारण माझी गोष्ट इतकं मन लावून कुणी ऐकल्याला फार वर्षं झाली होती.

“आला?” साडूंनी विचारलं.

“आला.”

“भागिले चार?”

“नाही. आहे तेवढाच सांगतोय.”

तोंडात ती एक दाढ नसलेला, एक बाही दुमडलेला, केस पांढरे झालेला तो माणूस माझ्या चेहऱ्यावर माप शोधत होता, आणि ते त्याला कुठेच लागत नव्हतं. शेवटी त्यांनी मान हलवली. “तुमचं माप सैल आहे, साडूभाऊ. तुमचं ‘हो’ मला धरता येत नाही.” मग खालच्या आवाजात म्हणाले, “पण परत एकदा म्हणा.”

“आला,” मी म्हणालो.

घरी येऊन त्यांनी बेटावरच्या मॅडमना होकार कळवला. ससा गेलेला असताना लाइन चालू ठेवण्याची ती त्यांची आयुष्यातली पहिली आणि एकुलती वेळ. ताईंना त्यांनी कारण सांगितलं ते असं: “आजवर सगळ्यांना मी तपासलं. बाईंनी मला विचारलं, तुम्ही काय करत होता. असं कुणी विचारलंच नव्हतं.”

आता साडू रिटायर झाले आहेत. कंपनीने निरोप देताना काचेच्या पेटीत घालून शॉपमधलाच एक लाल पीस, म्हणजे ससा, दिला, तो टीव्हीशेजारी आहे. शॉपमध्ये आता त्यांना सोडत नाहीत, म्हणून संशोधन कपाटासमोर चालतं. साडू गुरुवारी दुपारी आरामखुर्ची ओढून बसतात आणि बेटावर मॅडम बसतात. मग दोघं एकमेकांना लिहितात, आज किती वेळ होता, कसा होता. प्रबंधाची किती पानं झाली, ते मी विचारत नाही. आवाज कुणाचा, हा प्रश्नही साडू आता काढत नाहीत. सवय होईल असं कंपनीचा डॉक्टर म्हणाला होता. सवयीपेक्षा ही सोबत जास्त वाटते. मला मात्र दर गुरुवारी फोन येतो. मी जातो, मूठभर साखर घालून एखादी गोष्ट सांगतो, ते विचारतात “आला?”, मी म्हणतो “आला”, ते म्हणतात “धरता येत नाही,” आणि समाधानाने चहा मागवतात.

परवाच्या गुरुवारी गेलो, तेव्हा साडू थकलेले दिसले. मी कुत्र्यांचीच गोष्ट काढली. तिच्यात आता सात कुत्री झाली आहेत. साडू डोळे मिटून ऐकत होते आणि मधूनमधून ‘हं’ येत होतं, नेमकं जिथे यायला हवं तिथे. मीही रंगलो. इतक्यात ताई चहा घेऊन आल्या, खुर्चीकडे वाकून पाहिलं आणि शाल त्यांच्या छातीपर्यंत ओढत कुजबुजल्या, “भाऊजी, जरा हळू. त्यांना केव्हाचा डोळा लागलाय.”

मी खुर्चीकडे पाहिलं, मग कपाटाकडे पाहिलं. आणि आवाज खाली आणून गोष्ट पुढे चालू ठेवली. पुलाच्या मध्यावर आणून कुणाला असं अर्धवट सोडून उठणं बरं दिसलं नसतं.